चार ग्रॅम

गांगुर्डे सरांनी सरिता भोयेच्या आलेखावर लाल पेनानं आडवी रेघ ओढली, कागद उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या बाजूवर चहाचा कप ठेवला.

"अजून काही?"

सरिता टेबलासमोर उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण या खोलीत विद्यार्थ्यानं बसायचं नसतं हे तिला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

"सर, अकरा तारा तपासल्या. अकराही तेच दाखवतात."

"आमच्या निफाडला एक गृहस्थ होते. रोज सकाळी म्हणायचे, आज सूर्याला उशीर झाला. त्यांच्या घड्याळात रोज तेच दिसायचं. अकरा वेळा चुकलं म्हणून ते बरोबर होत नाही, बाई."

"हो सर."

"तापमान किती आलं?"

"पाचशे वीस. दोन तारांचं पाचशे एकोणीस."

"आणि माझ्या आलेखात?"

"पाचशे आठ."

"मग बारा अंश गेले कुठे? पेठच्या घाटात उतरून गेले?"

 ती पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरून आली होती, आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून शिकली होती, आणि ही गोष्ट गांगुर्डे दर पंधरवड्याला एकदा तरी वाक्यात कुठेतरी बसवत. त्यांना त्यात वावगं वाटत नसे. स्वतःच्या भावाबद्दलही ते असंच बोलत. भाऊ निफाडला द्राक्षांच्या पेट्या भरून परदेशी पाठवायचा आणि मोटारीतून फिरायचा. गांगुर्डे म्हणायचे, त्याला द्राक्षातलं पाणी कळतं, त्याच्यापुढे काही कळत नाही.

खरं म्हणजे त्यांना सगळ्यांचाच तिटकारा होता. प्राचार्य वाणिज्य शाखेचे, त्यांनी संगणकाच्या खोलीचं उद्घाटन करताना संगणकावर नारळाचं पाणी शिंपडलं होतं. विभागातले दोघे तरुण प्राध्यापक सकाळी कॉलेज रोडवर शिकवण्या घेत आणि दुपारी वर्गात जांभया देत. पाहणीला समिती येणार म्हणून गेल्या महिन्यात आवारातल्या झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना फासला होता. गांगुर्डे तिथून जाताना मान दुसरीकडे फिरवत. या सगळ्या चिखलात एकच कोरडा दगड होता आणि त्यावर ते सहा वर्षं उभे होते. तो म्हणजे त्यांचा १९९८ सालचा निबंध.

विषय साधा नव्हता, पण समजावून सांगितला तर कुणालाही कळण्यासारखा होता. धातू वितळवून काचेच्या नळीतून ओढायचा आणि त्याची केसापेक्षा बारीक तार करायची. ती इतक्या झटकन गार होते की आतल्या अणूंना रांग धरायला वेळच मिळत नाही, जिथे सापडले तिथेच ते थिजतात. वरून काचेचं पातळ अस्तर राहतं. गार होताना काच आणि धातू सारखे आकसत नाहीत, म्हणून काच त्या तारेला कायम आवळून-ताणून धरते. हा ताण डोळ्यांना दिसत नाही. तार चुंबकीय क्षेत्रात धरली की मात्र कळतो. तिचं चुंबकत्व हळूहळू न फिरता एका झटक्यात उलटतं, आणि ताण जितका जास्त तितका जोर त्या झटक्यासाठी लावावा लागतो. तीच तार तापवत नेली तर एका ठरावीक अंशाला आतले अणू अखेर रांगेत बसतात, धातू स्फटिक होतो, विजेला होणारा विरोध धपकन खाली येतो. तारेवर ताण असेल तर हे कमी अंशांनाच घडतं. त्यानंतर ती तार बोटानं नुसती उचलली तरी मोडते.

गांगुर्ड्यांनी ती काच आम्लात विरघळवली आणि उघडी तार तापवली. काच गेली म्हणजे ताण गेला, तेव्हा तार पाचशे वीस अंशांना स्फटिक व्हायला हवी होती. ती पाचशे आठलाच झाली. तिचा चुंबकी झटकाही काचेत असताना यायचा तसाच जोर मागत राहिला. यावरून त्यांनी लिहिलं की काच निघून गेली तरी धातू तिचा ताण विसरत नाही. परदेशी नियतकालिकानं ते छापलं. पुण्याच्या एका परिषदेत कुणीतरी त्यांची ओळख 'धातूच्या आठवणीचे गांगुर्डे' अशी करून दिली. ते शब्द त्यांनी घरी कुणाला सांगितले नाहीत, पण ते विसरलेही नाहीत.

सरितानं करायचं होतं ते इतकंच, की तीच गोष्ट नव्या तारांवर पुन्हा दाखवायची. तिच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण तेच होतं. चार प्रकरणं टाइप होऊन पडली होती आणि पाचव्याशिवाय गांगुर्डे सही करायला तयार नव्हते. आज बुधवार. शुक्रवारी, मार्चच्या पाच तारखेला, तिच्या नोंदणीची पाच वर्षं संपत होती. त्या दिवशी प्रबंध विद्यापीठात पोचला नाही तर नोंदणी रद्द. पेठच्या कॉलेजात तिला तात्पुरती जागा मिळाली होती, ती पदवीच्या अटीवर. शिवाय बांधणीवाल्याला पानं उद्या सकाळी द्यायची होती.

"तुझ्या हाताला वळण नाही," गांगुर्डे म्हणाले. "तार कशी लावायची याचासुद्धा एक हात असतो. त्या वेळी माझ्याकडे जमील होता. अक्कल बेताचीच, पण हात चांगला. जा, त्याला ग्रंथालयातून बोलावून आण. म्हणावं, सरांनी बोलावलंय, पेपर वाचून झाला असेल तर ये."

सरितानं कप उचलला नाही, कागद मागितला नाही. ती गेली.

जमील अन्सारी दहा मिनिटांत आला. मालेगावचा, विणकराच्या घरातला. लहानपणी मागावर बसलेला, मग दंगलीनंतर की मंदीनंतर, गांगुर्ड्यांनी कधी नीट ऐकलं नव्हतं, नाशिकला मामाकडे आलेला आणि प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलेला. पंधरा वर्षं तो या खोलीत होता. नव्व्याण्णव साली त्यांनीच त्याला ग्रंथालयात पाठवलं. तो दुपारी स्टुलावर बसून उर्दू पेपर वाचायचा, हे त्यांना खपत नव्हतं. त्यांच्यापेक्षा तो तीन वर्षांनी लहान होता, म्हणजे पंचावन्नचा. ते त्याला अरेतुरे करत.

"सलाम सर. तब्येत?"

"तब्येतीचं राहू दे. या बाईंना तार बांधता येत नाही. तू बांधायचास तशी बांधून दे."

"मॅडमना येते की सर. चांगली बांधतात."

"तुला मत विचारलं नाही."

"नाही विचारलं," जमील म्हणाला आणि बाह्या वर केल्या.

भट्टी म्हणजे उभी नळी होती, हातभर लांब. तार वरून तीत सोडायची. वरचं टोक एका कडीला, खालचं टोक नळीच्या बाहेर लोंबतं. निबंधानंतर गांगुर्ड्यांनी खालचं टोक धरायला एक हलकी चापी आणवली होती, दिसायला सुबक, पुण्याहून मागवलेली. सरिता तीच वापरायची. जमीलनं ती चापी बघितली आणि बाजूला ठेवली. कपाटाच्या खालच्या खणातून त्यानं दोन पितळी वायसर काढले, तारेच्या टोकाला गाठ मारली आणि वायसर त्यात अडकवले. गाठ कधी बसली ते दिसलं नाही. तार नळीत सरळ उभी राहिली, जणू कुणी पेन्सिलीनं ओढली होती.

"बघ," गांगुर्डे सरिताला म्हणाले. "याला हात म्हणतात. पुस्तकात नसतो."

"लोखंडी का नाही लावले, जमीलभाई?" सरितानं विचारलं.

"लोखंडाला चुंबक ओढतो ना मॅडम. मग तारेचं माप घेता की वायसरचं?"

गांगुर्ड्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतका बाळबोध प्रश्न पाच वर्षांनी विचारावा, तोही परिचराला. त्यांनी भट्टीचं बटण दाबलं आणि खुर्चीत बसून गेल्या महिन्याचं नियतकालिक उघडलं.

तासाभरात काटा चारशेच्या पुढे गेला. सरिता दर अंशाला आकडा लिहीत होती. जमील खिडकीशी उभा राहून आवारातली चुन्याची झाडं बघत होता. पाचशे पाचला गांगुर्ड्यांनी नियतकालिक मिटलं. पाचशे सात. पाचशे आठ.

रोधाचा काटा धपकन खाली आला.

गांगुर्डे हसले नाहीत. हसण्यासारखं त्यात काही होतं असं त्यांनी दाखवलं नाही. ते उठले, सरिताच्या वहीतल्या आकड्याखाली पेनाचं टोक टेकवलं आणि दोनदा ठोकलं.

"पाच वर्षं. पाच वर्षं सरकारची शिष्यवृत्ती खाल्लीस, आणि एका चौथी नापासानं तासाभरात करून दाखवलं."

"सातवी पास आहे सर," जमील म्हणाला.

"बरं, सातवी. आता जा, लिही हे प्रकरण. संध्याकाळपर्यंत आण, सही करतो."

सरिता हलली नाही. तिनं वही मिटली, पण हातातच धरून ठेवली. तिनं जमीलकडे पाहिलं. जमीलनं खिडकीबाहेर पाहिलं, मग वळून सहज विचारल्यासारखं विचारलं,

"सर, अजून एक वायसर लावून बघू?"

"कशाला?"

"असंच. त्या वेळी मी विचारलं होतं तुम्हाला, एक लावू की दोन. आठवतं?"

"मला तेवढाच उद्योग होता?"

"तुम्ही म्हणालात, तुझ्या मागावर लावतोस तसं लाव, मला काय विचारतोस. मागावर सूत ढिलं राहिलं तर कापडात घोळ पडतो, म्हणून मी दोन लावले. तिसराही लावणार होतो, पण तार टूटली तर तुम्ही बोलाल म्हणून सोडला."

गांगुर्ड्यांना ते आठवलं नाही. पण ते आपण म्हटलं असणार याबद्दल त्यांना शंका वाटली नाही. वाक्य त्यांच्याच धाटणीचं होतं.

"लाव," ते म्हणाले. "तीन लाव, पाच लाव, माळ घाल तिला वायसरांची. दोन-दोन ग्रॅमनं काय आभाळ कोसळणार आहे?"

जमीलनं नवी तार सोडली आणि तीन वायसर अडकवले. भट्टी गार व्हायला वेळ लागला, पुन्हा तापायला एक तास. मधे जेवणाची सुट्टी झाली. गांगुर्डे डबा घेऊन आपल्या खोलीत गेले आणि पोळी-भाजी खाताना त्यांना काहीतरी दातात अडकल्यासारखं वाटत राहिलं. सोमवार-मंगळवारची पहिल्या वर्षाची तासिका त्यांना आठवली. दर वर्षी ते फळ्यावर लिहीत: ताण म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. दर वर्षी अर्धा वर्ग भागायचं विसरायचा, आणि दर वर्षी ते म्हणायचे, तुम्ही किराणा दुकान काढा, तिथे नुसतं वजन पुरतं.

ते डबा अर्धा ठेवून परत आले तेव्हा काटा चारशे नव्वदवर होता.

पाचशे तीनला रोध खाली आला.

 गांगुर्ड्यांनी टेबलावरून एक कागद ओढला. तो सकाळचाच आलेख निघाला, मागं चहाचा गोल डाग पडलेला. डागाच्या बाजूला त्यांनी तारेची जाडी लिहिली. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सोळा. क्षेत्रफळ काढलं. दोन वायसर, चार ग्रॅम. भागाकार केला. मग पुन्हा केला, कारण उत्तर आलं ते त्यांना दशांश चिन्ह चुकल्यासारखं वाटलं. चिन्ह चुकलं नव्हतं. चार ग्रॅम वजन त्या तारेला असं ओढत होतं, की जाड तारेच्या भाषेत बोलायचं तर एका चौरस मिलिमीटरला वीस किलो टांगावेत. काच जितकं ओढते जवळजवळ तितकंच.

धातूला कसलीही आठवण नव्हती. काच काढल्यावर जमीलनं तो पुन्हा ताणला होता, आणि तो ताण सहा वर्षं छापील पानावर काचेच्या नावानं वावरत होता.

गांगुर्ड्यांनी पेनाचं टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"वायसर न लावता?" त्यांनी विचारलं.

"पाचशे वीस," सरिता म्हणाली. "एक लावला तर पाचशे चौदा."

"एक लावून आज बघितलं नाही आपण."

"नाही सर. आज नाही."

तिनं पिशवीतून एक प्लास्टिकची फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. आत सतरा पानं होती, सुबक टाइप केलेली, आलेखांसह. पाचवं प्रकरण. शून्य वायसर, एक, दोन, तीन. प्रत्येकाच्या पाच-पाच तारा, स्फटिक होण्याचं तापमान, चुंबकी झटक्याला लागणारा जोर. वायसर वाढत जातात तशी रेघ सरळ उतरत जाते. असली रेघ गांगुर्ड्यांना स्वतःला आयुष्यात एकदाही मिळाली नव्हती. ठिपके तिच्यावर बसले होते तसे त्यांच्या निबंधातही बसले नव्हते.

ते वाचत गेले. वाचताना ते चूक शोधत होते, आणि आपण चूक शोधतोय हे त्यांना कळत होतं. इंग्रजी शाळकरी होतं. दोन ठिकाणी स्वल्पविराम जास्त होता. आकडे मात्र हलत नव्हते. नवव्या पानावर एक परिच्छेद होता, त्यात लिहिलं होतं की १९९८च्या निष्कर्षात टांगलेल्या वजनाचा हिशेब धरलेला नव्हता. आणि त्याच्या पुढचंच वाक्य: ही शक्यता सर्वप्रथम मार्गदर्शक प्रा. म. गांगुर्डे यांच्या ध्यानात आली आणि त्यांच्याच सूचनेवरून पुढील मोजमापं घेतली.

गांगुर्डे त्या वाक्यावर थांबले.

वाक्य सोयीचं होतं. पुण्याचे परीक्षक ते वाचतील तेव्हा मान डोलावतील. आपलीच चूक आपणच शोधणारा माणूस. असे लोक फार नसतात. त्याच परिषदेत 'आठवणीचे गांगुर्डे' म्हणणारा माणूस आता आणखी काहीतरी चांगलं म्हणेल. आणि कुणाला काही सांगायची गरज नव्हती. खोलीत तिघेच होते, त्यातल्या एकीला सही हवी होती आणि एकाला ग्रंथालयात परत जायचं होतं.

 भीक घालतात मला. पाड्यावरची पोरगी आणि मागावरचा माणूस, दोघं मिळून माझ्या थाळीत एक ओळ टाकतात.

त्यांनी लाल पेन उचललं आणि ते वाक्य खोडलं. एकदा नाही, तीनदा, खालचा शब्दही दिसू नये असं.

"मला हे सुचलेलं नाही. जे मला सुचलेलं नाही ते माझ्या नावावर नको. हे पान पुन्हा काढून आण."

"हो सर," सरिता म्हणाली. पान घेतलं आणि संगणकाच्या खोलीकडे जवळजवळ पळतच गेली.

जमील भट्टीतली जळकी तार चिमट्यानं काढत होता. ती काढता काढता तिचे तीन तुकडे झाले. ते त्यानं कागदाच्या पुडीत घातले.

"ती ओळ कुणी लिहिली?" गांगुर्ड्यांनी विचारलं.

"मॅडमनी टाइप केली."

"मी विचारलं, कुणी लिहिली."

"मीच सांगितली घालायला."

"का? माझी दया आली?"

जमीलनं पुडीची घडी घातली. त्याला घाई नव्हती.

"दया कशाला येईल सर? तुम्हाला काय कमी आहे? मॅडमना भीती होती. त्या म्हणत होत्या, सर पहिलं पान बघतील आणि फेकून देतील. तुमच्यापाशी बोलायची सोय नाही. मी म्हणलं, वायसर त्यांच्या डोळ्यांसमोर लावू, आकडा त्यांना दिसू दे, मग पानं ठेवा. आणि त्यात सरांची एक खोटी तारीफ घाला."

"म्हणजे मी खूश होऊन सही करीन?"

"नाही सर. तसं नाही." तो जरा हसला. "बाकी काही चाललं तरी खोटी तारीफ तुम्हाला चालत नाही. ती ऑडिटोरियमची पाटी आठवते? उद्घाटनाच्या पाटीवर तुमचं नाव घातलं होतं, तुम्ही काही केलं नव्हतं म्हणून तुम्ही स्वतः स्क्रू काढले होते. पंधरा वर्षं बघितलंय. मी म्हणलं, ती ओळ खोडायला सर पेन हातात घेतील. खोडायचं म्हणजे आधी तिथवर वाचावं लागतं. आणि एकदा खोडली, की बाकीचं खरं आहे असं त्यांनीच म्हणल्यासारखं होतं. मग सही अडकणार नाही."

 आत्ता पाच मिनिटांपूर्वी गांगुर्ड्यांना वाटलं होतं की आयुष्यात एक गोष्ट त्यांनी कुणाच्याही धक्क्याशिवाय केली.

"कधी ठरलं हे?"

"गणपतीच्या आधी."

"म्हणजे सहा महिने."

"मॅडमची मापं पुरी व्हायची होती. आणि पहिल्यांदा त्यांनी साधं सांगून बघावं असं ठरलं होतं. दिवाळीत त्या आल्या होत्या तुमच्याकडे. तुम्ही म्हणालात, वायसरवर बोलायला मी काय हार्डवेअरवाला आहे?"

तेही वाक्य त्यांचंच होतं. यात शंकेला जागा नव्हती.

"आणि मी खोडलं नसतं तर?"

जमीलनं विचार केला. खरंच केला, डोळे बारीक करून, जसा तो पूर्वी नळीत तार सोडताना करायचा.

"तर राहिलं असतं. मॅडमचं काम तरी झालंच असतं. त्या म्हणत होत्या, सर ठेवतील. मी म्हणलं, खोडतील."

"पैज लावली होती की काय?"

"नाही सर. एवढ्याशा गोष्टीवर कोण पैज लावतं?"

दारात सरिता उभी होती. धाप लागली होती, हातात पान होतं, प्रिंटरमधून काढलेलं, अजून कोमट. तिनं ते इतर पानांत नवव्या जागी घातलं, कडा सारख्या केल्या आणि सहीचं पान वर ठेवलं. तिथे सहीसाठी एक रेघ होती. रेघेखाली त्यांचं नाव आणि 'मार्गदर्शक व विभागप्रमुख'.

गांगुर्ड्यांनी नववं पान बाहेर काढून बघितलं. वाक्य गेलं होतं. आता तिथे एवढंच होतं की १९९८च्या निष्कर्षात वजनाचा हिशेब धरलेला नव्हता. कुणाकडून तो धरायचा राहिला, कुणाच्या ध्यानात आलं, काही नाही. पूर्णविराम, आणि पुढचा परिच्छेद.

त्यांना काहीतरी बोलायचं होतं. असं काही, की ज्यामुळे खोली पूर्वी होती तशी होईल.

"तुझं इंग्रजी अजून आठवीतल्या मुलीसारखं आहे," ते म्हणाले. "पहिल्या परिच्छेदात दोन स्वल्पविराम जास्त आहेत."

"हो सर."

ती उद्धटपणे म्हणाली नाही. तिनं मान खाली घातली होती आणि आवाज मऊ होता. गांगुर्ड्यांनी वर पाहिलं. हा 'हो सर' त्यांना ओळखीचा होता. प्राचार्यांच्या खोलीत, काही ऐकून न घेता उठायच्या बेतात असताना, ते स्वतः असाच म्हणत आले होते. इतकाच मऊ. आणि सकाळपासून ती हाच म्हणत होती. कदाचित पाच वर्षांपासून.

"स्वल्पविराम काढून येऊ?" तिनं विचारलं.

"राहू दे."

जमील पाठ करून बेसिनपाशी काचेच्या नळ्या धूत होता. त्या धुवायची गरज नव्हती. गांगुर्ड्यांनी पेन रेघेवर टेकवलं आणि सही केली. सहीखाली तारखेसाठी टिंबं होती. पेन त्या टिंबांपर्यंत गेलं आणि तिथे थांबलं.

सरितानं क्षणभर वाट पाहिली. मग कागद हळूच आपल्याकडे ओढला आणि तारीख तिनंच घातली.